रवणीची वही

सुमतीने चौथं अंडं काट्यावरून उचललं, काटा पुन्हा शून्यावर आल्याची खात्री केली आणि तेच अंडं हलक्या हाताने परत ठेवलं. एकशे एकोणचाळीस.

मागच्या रविवारी ते एकशे तीस ग्रॅम होतं.

तिने वहीत आकडा लिहिला नाही. पेन्सिल कागदावर टेकवून तशीच धरली. पलीकडे सिमेंटच्या टाकीत राजहंसाची मादी मान बुडवून पाठीवर पाणी उडवत होती. रवणीला, अंडी उबवायला, बसल्यापासून ती दिवसातून एकदाच उठायची, जेमतेम वीस मिनिटं. खाऊन, अंग धुऊन ओल्या पोटानेच परत अंड्यांवर यायची. तेवढ्या वेळात सातही अंडी तोलून जागच्या जागी ठेवावी लागत. टाकी आणि खुराडं यांच्या मध्ये रोज कामाला येणारी रंभा झाडू आडवा धरून उभी होती.

"झालं का ताई? पाटलीण आवरत आली."

"थांबा. तीन राहिलीत."

"घाई करा. तिला थांब सांगनारी मी कोन?"

रवणीतलं अंडं जड होत नाही. कवचाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, त्यांतून आतलं पाणी वाफ होऊन जात राहतं आणि अंडं रोज थोडं थोडं हलकं होतं. राजहंसाचं अंडं आठवड्याला पाच ग्रॅमच्या आसपास घटतं. कमी घटलं तर हवेत दमटपणा जास्त, अधिक घटलं तर कमी. पण वाढलं, असं होत नाही. सुमतीने चौतीस वर्षं तळोज्याच्या एका कारखान्यात मालाचे नमुने तपासले होते. निवृत्त झाल्यावर तिच्याकडे वजनकाटा राहिला होता आणि जे घटायला हवं ते घटतंय की नाही हे बघण्याची सवय.

तिने उरलेली तीन तोलली. मग पुन्हा पहिल्यापासून वहीवर नजर फिरवली. दोन नंबरचं वाढलं होतं. चार नंबरचं वाढलं होतं. सात नंबरचं, एका ग्रॅमने का होईना, वाढलं होतं. बाकीची घटली होती. घटणं अपेक्षित होतं, म्हणून तिकडे तिने फारसं बघितलं नाही.

मग तिने चार नंबरचं अंडं डोळ्यांजवळ धरलं. ती आकडे बारीक घालायची, अंड्याच्या बोथट टोकाला, पेन्सिल न दाबता. हा चार मोठा होता, दाबून काढलेला, आणि अंड्याच्या पोटावर होता.

"आली बगा," रंभा म्हणाली.

मादी टाकीतून उतरली होती. मान जमिनीलगत लांब करून, चोच उघडी टाकून ती सरळ सुमतीकडे येत होती. रंभाने झाडू खाली केला आणि बाजूला झाली. सुमतीने सातवं अंडं पिसांच्या गादीत सरकवलं, काटा उचलला आणि मागच्या मागे निघाली.

"हुशार झाल्या ताई आता. पैल्या वर्षी कशा पलाल्या व्हत्या, चप्पल ठिवून." रंभा हसत होती.

सुमती हसली नाही. तिने वही मिटली आणि पेन्सिल वहीत घातली.

करंजाड्याच्या कडेला, गाढी नदीकडे जमीन उतरते तिथे सुमतीचं बैठं घर होतं. तिने ते बांधलं तेव्हा मागे भातखाचरं होती. आता तिन्ही बाजूंना इमारती उठत होत्या आणि फाटकासमोरून दिवसभर डंपर आणि पाण्याचे टँकर जात. एकट्या बाईने कुत्रा पाळावा असं पुण्याची भाची इरा म्हणत होती. सुमतीने राजहंसांची जोडी आणली. साप जवळ येत नाहीत असं लोक म्हणतात, त्याला पुरावा नव्हता. पण फाटकाशी कोणी उभं राहिलं तर दोन इमारतींपर्यंत ऐकू जाईल एवढा आवाज ती जोडी करायची, हे तिने पाहिलं होतं.

नावं रंभाने ठेवली. नर छाती काढून चालायचा, आल्या-गेल्याला अडवायचा, म्हणून तो पाटील. ती पाटलीण.

पाटील आता नव्हता. या दोन रविवारांमधल्या मंगळवारी तो टँकरच्या मागे धावत फाटकाबाहेर गेला. मादी रवणीला बसली की नर असाच होतो, चाकांवरसुद्धा धावून जातो. टँकर पुढे गेला. मागून येणाऱ्या डंपरवाल्याला तो दिसला नसावा. सुमतीने वहीत लिहिलं: नर मृत, मंगळवार, सकाळी ९.४०. त्या दिवशी फाटकातून शेवटची रंभा आत आली होती.

"कडी लावली होती ना?" सुमतीने विचारलं होतं.

"लावली व्हती."

त्यावर सुमती काही बोलली नव्हती. न बोललेलं रंभाला ऐकू गेलं असावं, कारण त्या दिवशी ती चहा न घेता गेली.

आता उरली होती ती सात अंडी. मादीला दुसरा नर आणता आला असता, पण तो दुसरा असता.

"तीनच का वाढली?" दुपारी फोनवर इराने विचारलं.

"तेच बघतेय."

"मावशी, सरळ सांग ना. कोणावर डाउट आहे?"

सुमतीने खिडकीतून बाहेर बघितलं. रंभा जाऊन तास झाला होता.

रंभाची धाकटी बहीण मालू चिरनेरला होती. दोन वर्षांपूर्वीच्या पिल्लांतली दोन सुमतीने तिला दिली होती. दोन्ही माद्या निघाल्या. नर नसल्यामुळे त्यांची अंडी वांझ जात. या वेळी रंभाने विचारलं होतं, मालूला थोडी अंडी द्याल का, तीन दिली तरी चालतील, कोंबडीखाली ठेवील. सुमती म्हणाली होती, यंदा सातच आहेत, पुढच्या वेळी देऊ. मग पाटील गेला आणि पुढची वेळ राहिली नाही.

"तीन मागितली होती," सुमती म्हणाली.

"आणि तीन बदलली. आय मीन, क्लिअर आहे. तिकडची वांझ इकडे, इकडची चांगली तिकडे. आकडे घातले वरून. कॅमेरा लाव तू आधी."

"कॅमेरा नको."

"मग काय करणार?"

"बघते."

टॉर्चवर धरून बघायला हवं होतं. वांझ अंडं टॉर्चवर आकाशकंदिलासारखं उजळतं, ते लपत नाही. पण त्यासाठी मादी उठायला हवी आणि ती उद्याशिवाय उठणार नव्हती. शिवाय काट्याने सांगितलं होतं. काट्यावर सुमतीचा विश्वास माणसांवरच्या विश्वासापेक्षा जुना होता.

संध्याकाळपर्यंत तिला आणखी गोष्टी आठवल्या. स्वयंपाकघरातल्या कपातली छोटी पेन्सिल आठवडाभर दिसत नव्हती. दाण्याच्या डब्याचं झाकण हल्ली घट्ट लावलेलं असे, पूर्वी रंभा ते नुसतं ठेवायची. आजच सकाळी सुमती अंघोळ करून बाहेर आली तेव्हा रंभा वेळेआधी आलेली होती आणि खुराड्यातून बाहेर पडत होती. या गोष्टी आजपर्यंत सुट्या होत्या.

सोमवारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. चहाचं आधण उकळून अर्धं झालं तरी गॅस बंद केला नाही.

रंभा आठला आली. पिशवी ओट्यावर ठेवली, पाय धुतले, नळाखाली एक फडकं ओलं केलं आणि पिळून खुराड्यात गेली. मादी फुत्कारली नाही. रंभाला ती पोटाखाली हात घालू देई, जगात एकटीला. रंभा बराच वेळ वाकून होती. बाहेर आली तेव्हा फडकं मुठीत होतं.

सुमती मागच्या दाराने बाहेर आली.

"रंभाबाई, फडक्यात काय आहे?"

रंभा थबकली. मग तिने फडकं उलगडून धरलं. पांढऱ्या कापडावर मधोमध करडे डाग होते, बाकी काही नव्हतं.

"पानी हाय. काय असनार?"

"आत काय करत होतात?"

"हात घालून बगत व्हते. ऊब हाय का नाय."

"मालूच्या माद्या सध्या अंडी घालतायत?"

"घालतात की. वांझ. नर नाय तं काय व्हनार?" रंभाने तिच्याकडे नीट बघितलं. "का?"

"इथली तीन अंडी बदलली आहेत."

"बदलली म्हंजी?"

"दोन, चार आणि सात. आधीची नाहीत ती. ताजी आहेत. त्यांचं वजन वाढलंय."

फाटकासमोरून टँकर गेला.

"तीन मागितली व्हती," रंभा म्हणाली. "तं तीनच चोरली. चवथ्याला हात नाय लावला. बगा, कशी इमानदार."

"चोरली असं मी म्हणाले नाही."

"नाय नाय. तुमी वजन म्हनाल्या."

तिने फडकं नळावर वाळत घातलं. ओट्यावरची पिशवी उचलली आणि सुमतीसमोर पालथी केली. डबा, मिश्रीची डबी, चष्म्याचं घर, नातवाच्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी.

"बगून घ्या."

"रंभाबाई, असं नका करू."

"बगून घ्या म्हंजी झालं. नंतर आनखी काय तरी वाढायचं."

एकेक वस्तू तिने परत पिशवीत भरली. फाटकाबाहेर गेल्यावर वळून कडी लावली आणि ती लागली की नाही हे दोनदा ओढून बघितलं.

मंगळवारी रंभा आली नाही. बुधवारीही नाही.

मादी सुमतीला जवळ येऊ देईना. बुधवारी तिने सुमतीचा दंड चोचीत धरून पिळला आणि पंखाचा असा तडाखा दिला की पाण्याचं भांडं कलंडलं. मार्च लागला होता, दुपारी पत्रा तापायचा. सोमवारपासून मादी उठायला तयार नव्हती. रंभा तिला कशी उठवायची हे सुमतीने इतकी वर्षं पाहिलं होतं, पण लिहून ठेवलं नव्हतं. टाकीत हात आपटायची बहुतेक. आणि काहीतरी म्हणायची, लेकीला झोपेतून उठवल्यासारखं. सुमतीने टाकीत हात आपटला. मादीने मान तिरकी करून एका डोळ्याने वर बघितलं. विमानतळाकडे एक विमान उतरत होतं. ते इमारतीआड गेल्यावर तिने डोळा मिटला.

सुमती फाटकाजवळच्या पायरीवर बसली. दंडावर काळंनिळं उठत होतं. समोरून खडी भरलेला डंपर गेला, जमीन हादरली, आणि फाटक थरथरलं. थरथरता थरथरता कडी आपल्या खाचेतून बोटभर मागे सरकली.

सुमती बघत राहिली.

दुसरा डंपर दहा मिनिटांनी आला. कडी आणखी सरकली आणि फाटक वाऱ्याने उघडावं तसं चार बोटं उघडलं. कोणी हात लावला नव्हता.

तिने उठून कडी लावली. घासून गुळगुळीत झालेल्या खाचेवरून अंगठा फिरवला. पावसाळ्यापासून लोहाराला बोलवायचं तिच्या मनात होतं.

गुरुवारी ऊन उतरताना मादी स्वतःच उठली. डुलत टाकीपाशी गेली आणि पाण्यात मान बुडवून उभी राहिली. सुमतीने अंडी पिसांसकट टोपलीत घेतली, अडगळीच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि पुठ्ठ्याची नळी लावलेला टॉर्च पेटवला.

पहिलं अंडं तिने नळीवर ठेवलं. उजेड आत शिरलाच नाही. अंडं काळं होतं, भरलेलं. टोकाला हवेची पोकळी तेवढी पिवळट दिसत होती आणि त्या पिवळ्याच्या कडेला सावलीसारखं काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं.

दुसरं तसंच. तिसरं तसंच.

वांझ अंडं एकही नव्हतं. पंचवीस दिवसांची सात पिल्लं होती.

कुठल्या नंबरच्या अंड्याने सुरुवात केली हे लिहायला तिने पेन्सिल घेतली आणि अंडं फिरवलं. आकडा नव्हता. तिने दुसरं बघितलं. सातही अंडी कोरी होती. फक्त कवचावर, हाताला न लागणारा, करडा धुरकट पट्टा होता.

मादी परतायच्या आत तिने अंडी जागेवर ठेवली. मग हात न धुताच स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली आणि वही उघडली. चार रविवार, चार उभ्या ओळी. वाढलेली तीन वजनं तिने रविवारीच लाल पेन्सिलीने गोल केली होती. आता तिने गोल न केलेली वाचली. एक नंबरचं एका आठवड्यात अठरा ग्रॅमने घटलं होतं. तीन नंबरचं एकोणीसने. असंही होत नाही. हे त्याच दिवशी, त्याच पानावर लिहिलेलं होतं.

तिने प्रत्येक ओळीची बेरीज केली. एक हजार सत्तावन्न. एक हजार बावीस. नऊशे पंच्याऐंशी. नऊशे एकोणपन्नास. पस्तीस, सदतीस, छत्तीस. सातही अंडी जशी घटायला हवी होती तशीच घटली होती. सगळी तीच होती. एक सोडून बाकीच्यांनी नंबर बदलले होते.

चौतीस वर्षांत तिच्या प्रयोगशाळेत दोनदा असं झालं होतं. नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या पडल्या, कोणीतरी घाईत परत चिकटवल्या. दोन्ही वेळा तिने आधी चिठ्ठ्या तपासायला लावल्या होत्या, मग माणसं.

शुक्रवारी सकाळी मादीला घालायला दाणे काढताना तिला डब्याचा तळ लागला. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी होतं. तिने ते ओढून काढलं. हरवलेली छोटी पेन्सिल, आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान. पानाच्या मागच्या बाजूला एक ते सात आकडे, पुन्हा पुन्हा, सात-आठ ओळी. पहिल्या ओळीतले थरथरते. शेवटच्या ओळीतला चार जवळजवळ सुमतीच्या चारसारखा होता.

ती दाण्याचा डबा उघडा टाकून तिथेच बसली. मादीने आवाज दिला तेव्हा उठली.

पहिल्या रविवारी ती अंड्यांवर आकडे घालत होती तेव्हा रंभा म्हणाली होती, "रवणीतलं मोजत नाय ताई."

"मग किती निघाली ते कळणार कसं?"

"निगंल तवा दिसंल की. मोजलेलं ऱ्हात नाय."

सुमती हसली होती आणि पुढचा आकडा घातला होता. नातवंडं किती, असं कोणी विचारलं तरी रंभा संख्या सांगत नसे. "हायेत तेवडी हायेत," म्हणायची. सुमतीला वाटायचं, ही तिची बोलायची पद्धत आहे.

विमानतळासाठी गाव उठल्यावर रंभाच्या घरच्यांना करंजाड्यात जागा मिळाली होती. तिथे आता चार मजली इमारत होती आणि तळमजल्यावर ती राहायची. सुमती पोचली तेव्हा रंभा दाराच्या पायरीवर परात घेऊन भिजवलेले वाल सोलत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा परातीत बघितलं.

"वजनं जुळली," सुमती म्हणाली.

"अंड्यांची का माजी?"

सुमतीने पिशवीतून छोटी पेन्सिल काढून पायरीवर ठेवली. रंभाने तिच्याकडे बघितलं. सालं एका बाजूला, डाळिंब्या एका बाजूला, तिचे हात चालूच होते.

"पाटील गेला त्या दिवशी पुसले," ती शेवटी म्हणाली. "मना वाटलं, आकडे घातले तवाच कुनाची तरी नजर लागली. नर गेला. आता पोरं तरी ऱ्हावी. पन तुमाला आयतवारी आकडे लागतात. म्हून सकाली लवकर येऊन परत लिवले. आयतवार झाला का पुसायचे. मदले दिवस तं त्यांना कुनी मोजत नव्हतं ना."

"मला सांगायचं."

"काय सांगायचं? तुमी हसल्या असत्या."

सुमतीने नाही म्हटलं नाही.

"पण कुठल्या अंड्यावर कुठला आकडा होता, ते..."

"सगली तिचीच ना?" रंभाला खरंच नवल वाटलं. "मंग कंच्यावर कंचा, त्यानं काय व्हतंय?"

आत टीव्ही चालू होता. कोणीतरी आवाज कमी केला. रंभाने वालाचा एक दाणा चिमटीत दाबला, डाळिंबी टणकन परातीत पडली.

"कडी आपोआप निघते," सुमती म्हणाली. "डंपर गेला की. मी बघितलं."

"मना म्हाईत हाय."

"मग तेव्हा का नाही..."

"तुमी विचारलं, लावली व्हती का. मी म्हटलं, लावली व्हती. आनखी काय बोलायचं व्हतं?"

सुमती पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि म्हणाली, "चुकलं माझं."

रंभाने पायाने परात दोघींच्या मध्ये सरकवली. सुमतीने मूठभर वाल घेतले. तिला ते नीट जमत नव्हतं, डाळिंबी मोडत होती.

"उद्या याल?" तिने विचारलं.

"बगते." आणि क्षणभराने, "सोलताना मोजू नका."

शनिवारी ती आली नाही. रविवारी सुमतीने वजनकाटा कपाटातून काढलाच नाही. मादी उठली, टाकीत उतरली, परत आली. सुमती लांब उभी राहून बघत होती.

मंगळवारी आठला फाटक वाजलं. रंभाने पिशवी ओट्यावर ठेवली, पाय धुतले आणि जसं काही सोमवारीच येऊन गेली होती तशी खुराड्यात शिरली. सुमती दाराशी उभी राहिली. रंभाने मादीच्या पोटाखाली हात घातला, एक अंडं बाहेर काढलं, हातावर फिरवून सगळ्या बाजूंनी बघितलं. कवचावर आकडा नव्हता. बोथट टोकाला चांदणीसारखा तडा गेला होता आणि तड्यामागून कोणीतरी बारीक आवाजात बोलत होतं.

तिने अंडं कानाशी धरलं. मग सुमतीपुढे केलं.

"घ्या. ऐका."

सुमतीने ते दोन्ही हातांत घेतलं. वजन तिच्या तळव्याला कळलं, तसं ते कोणालाही कळलं असतं.

दिवसभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते चाललं. रंभा मधूनच रिकामी कवचं काढून आणायची आणि नदीकडच्या कुंपणाशी पुरायची. सुमती पाणी बदलायची. किती कवचं आली याकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं नव्हतं. पण पाणी बदलायला तिला दर वेळी तीच वेळ सापडत होती.

"निघाली?" इराने फोनवर विचारलं. "किती निघाली?"

रंभा ओट्यावर गवत बारीक चिरत होती. तिची सुरी थांबली.

"आहेत तेवढी आहेत," सुमती म्हणाली.

"म्हणजे? मावशी, तू? आणि त्या बाईचं काय झालं? कॅमेरा..."

"नंतर बोलते. दाणा भिजवायचाय."

सुरी पुन्हा चालू झाली.

चौथ्या दिवशी पिल्लं मादीच्या मागे अंगणात उतरली. पिवळी, लवदार, एकमेकांच्या पायांत अडखळणारी. सुमतीने घरातून वेताची टोपली आणली. तळाला जुनं फडकं अंथरलं होतं, वर पेंढा.

"मालूला," ती म्हणाली. "कोंबडी नको म्हणावं. तिच्या माद्या सांभाळतील."

रंभाने टोपलीकडे बघितलं, पिल्लांकडे बघितलं. "कंची देऊ?"

"तुम्हीच काढा. तुम्हाला ती हात लावू देते."

"पन किती?"

सुमतीने ओट्यावरून तारेचं वेटोळं आणि पक्कड उचलली. फाटकापाशी जाऊन ती उकिडवी बसली, अंगणाकडे पाठ करून. तारेचं टोक खाचेतून ओवलं, कडीभोवती एक वेढा घेतला आणि पक्कडीने पिळला. समोरून डंपर गेला. फाटक थरथरलं, कडी जागची हलली नाही.

तरी तिने दुसरा वेढा घेतला. मग तिसरा, सावकाश.

मागे मादी एकदा फुत्कारली आणि गप्प झाली. रंभा तिला काहीतरी म्हणत होती, लेकीला समजवावं तसं. मग पेंढा खसखसला, आणि इतका वेळ एका जागेवरून येत असलेला पिल्लांचा आवाज दोन जागांवरून यायला लागला.

सुमतीने तारेचं टोक आत वळवलं, कोणाला टोचू नये म्हणून.